आद्य ख्रिस्ती मंडळीतली एकी: खरी की नंतर रंगवलेली?

मी_नगरची (धागाकर्ती)

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर बुधवारी कुणाच्या तरी घरी बायबल अभ्यास असतो. पुढच्या बुधवारी माझी पाळी आहे आणि विषय मिळालाय "आद्य मंडळीची एकी". पाळकसाहेब म्हणाले, "सोपा आहे. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय काढ, झालं."

काढला. (नव्या करारातलं हे पुस्तक येशूनंतरच्या पहिल्या अनुयायांबद्दल आहे.) सगळे विश्वासी एकत्र, सगळं समाईक, घरोघरी भाकर मोडतायत, आनंदाने जेवतायत. वाचून बरं वाटलं. मग हौसेने पुढची पानं वाचली आणि पंचाईत झाली.

पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं जमीन विकल्याचे पैसे दडवतं. सहाव्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची तक्रार, की रोजच्या वाटपात आम्हाला डावलतात. पंधराव्यात सुंतेवरून इतकी वादावादी की यरुशलेमेत बैठक घ्यावी लागली. ती मिटते न मिटते तोच पौल आणि बर्णबा हे दोन प्रचारक, इतकी वर्षं बरोबर हिंडलेले, योहान मार्क नावाच्या पोराला सोबत न्यायचं की नाही यावरून भांडून दोन दिशांना गेले. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीची तर गोष्टच सोडा. तिथे चार तट.

मग ती एकी होती कुठे? आणि बुधवारी मी काय सांगू? श्रद्धा असो-नसो, ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा. धर्मांतराचा विषय इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तिथे काय चालतं तेही आपल्याला माहीत आहे.

टवाळ

पहिला!
खुर्ची, शेंगदाणे, चहा घेऊन बसलो आहे. चार तट म्हणजे आमच्या सोसायटीपेक्षा दोनने कमी.

शंकेखोर

ताई, तुम्ही स्वतःच उत्तर दिलंय. चित्र रंगवलेलं आहे. कृत्यांचं पुस्तक लूकने घटनांनंतर काही दशकांनी लिहिलं. "मित्रांचं सगळं समाईक" ही ग्रीकांमधली जुनी म्हण, पायथागोरसच्या मंडळींशी जोडलेली. लूकच्या सुशिक्षित वाचकाला ती पाठ असणार. त्याने सांगून टाकलं, तुमचे तत्त्ववेत्ते नुसतं म्हणत होते, आमच्या लोकांनी करून दाखवलं. प्रचार म्हणा, आदर्श म्हणा.

आणि "नम्र श्रद्धा" वगैरे म्हणाल तर पौलाने गलतीकरांना पत्रात काय लिहिलंय बघा. सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःचं सगळंच कापून टाकावं! आज कुणी असं लिहिलं तर संपादक प्रतिसाद उडवतील.

टवाळ

@शंकेखोर, प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

प्राचीन_पाने

शंकेखोर, लूकबद्दल निम्मा सहमत. पण रंगवायचंच होतं तर विधवांचं भांडण कशाला ठेवलं? पौल-बर्णबाची फाटाफूट कशाला ठेवली? गौरवग्रंथ लिहिणारा माणूस अशा गोष्टी गाळतो. आपल्याकडची चरित्रं आठवा.

करिंथबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मला वाटतं मंडळीचं खरं रूप तिथेच सगळ्यात जवळून दिसतं.

जुनं करिंथ रोमनांनी इ.स.पूर्व १४६ मध्ये बेचिराख केलं. शंभर वर्षं पडून होतं. इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते नव्याने वसवलं आणि तिथे पाठवलेल्या लोकांत गुलामीतून सुटलेले बरेच होते. दोन्ही बाजूंना बंदरं, लेखायन आणि किंख्रिया, त्यामुळे पैसा धो-धो. जुनी घराणी नाहीत. जो तो स्वतःच्या कमाईवर वर आलेला आणि ते चार लोकांत दाखवायला उतावीळ. १९२९ साली तिथल्या नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीवर एक लेख सापडला. एरास्त नावाच्या माणसाने पद मिळाल्याबद्दल स्वखर्चाने ही फरसबंदी केली, एवढंच त्यात आहे. पौलाने रोमकरांना पाठवलेल्या पत्रात नगराचा खजिनदार एरास्त येतो, तो हाच का यावर अभ्यासक भांडतात. ते सोडा. अक्षरं बघा, जवळपास वीतभर मोठी, सगळ्यांनी येता-जाता वाचावीत म्हणून. गाव कसं होतं ते त्यावरून कळतं. (आपल्याकडचे वाढदिवसाचे फ्लेक्स डोळ्यांपुढे आणा.)

पौल तिथे दीड वर्ष राहिला. राज्यपाल गल्लियोसमोर त्याला उभं केलं होतं, आणि डेल्फीला मिळालेल्या एका शिलालेखावरून गल्लियोचा काळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. म्हणजे आपण बऱ्यापैकी भक्कम जमिनीवर आहोत. नंतर तो इफिसला असताना ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून बातमी आली: कुणी म्हणतं मी पौलाचा, कुणी अपुल्लोसचा, कुणी केफाचा (म्हणजे पेत्राचा), आणि एक गट म्हणतो आम्ही थेट ख्रिस्ताचे.

तट काही सिद्धान्तांवरून पडलेले दिसत नाहीत. "आमचा वक्ता भारी" छापाचे आहेत. पण खरं दुखणं पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे: जेवण. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडण्याचा विधी, तेव्हा पुरं जेवणच असे, कुणाच्या तरी मोठ्या घरात. पौल लिहितो, एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो.

हे होत कसं असेल? रोमन घरात पाहुण्यांच्या जेवणाच्या दालनात तीन बैठका, प्रत्येकीवर तिघे आडवे होऊन जेवणार. नऊ माणसं. बाकीचे चौकात. आणि ते जमत तो आठवड्याचा पहिला दिवस, रविवार, म्हणजे कामाचा दिवस, कारण रविवारची सुटी कॉन्स्टंटाइनने दिली ती इ.स. ३२१ मध्ये. गुलाम आणि मजूर मालकाचं काम आटोपून अंधार पडल्यावर येणार. तोवर आतल्या नऊ जणांचं होऊन गेलेलं.

यावर पौलाचा उपाय अध्यायाच्या शेवटी एका ओळीत आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

ताई, बुधवारी एवढं सांगितलंत तरी पुरे.

पाथर्डीकर

प्राचीन_पाने, हे वाचून हसावं की रडावं कळेना.

आमच्या मंडळीत नाताळानंतर प्रीतिभोजन असतं. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मटणाचं मोठं पातेलं. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. उपासना संपली की पुढच्या बाकांवरचे आधी पंगतीला. मास्तर लोक, दवाखान्यातले, पेन्शनर. त्यांच्या ताटात नळी, कलेजी, सगळं. दुपारची पाळी सुटून कारखान्यावरून सायकली मारत येणारे शेवटच्या पंगतीला, त्यांना रस्सा आणि भात. कुणी मुद्दाम करत नव्हतं हो. वाढणाऱ्याचा हात सुरुवातीला सैल असतो, एवढंच.

एका वर्षी वाढायला आमची आजी उभी राहिली. आजीने झाकण घातलं पातेल्यावर आणि डाव पदराखाली धरून बसली. म्हणाली, "सायकली आल्या की वाढीन." पाऊण तास! भात गार झाला. एक मोठे गृहस्थ उठून घरी गेले, त्यांनी आजीशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

आजीला अक्षरओळख नव्हती. तिने करिंथकरांस पत्र वाचून हे केलं नव्हतं.

रोहिणी_क

पाथर्डीकर, डाव पदराखाली!! डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या आजी.

टवाळ

दोन वर्षं बोलणं टाकलं म्हणजे करिंथच झालं की. मी आजीचा, मी पेन्शनरांचा, मी नळीचा.

शंकेखोर

आजींना दंडवत. पण "एकमेकांसाठी थांबा" हा उपाय मला तोकडा वाटतो. त्याच अध्यायात पौल श्रीमंतांना असंही म्हणतो की खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का? म्हणजे तुमची मेजवानी घरी उरका आणि इथे सभ्यपणे वागा. श्रीमंत श्रीमंतच राहिला. गुलाम रात्री शेजारी बसून जेवला आणि पहाटे परत त्याच मालकाची भांडी घासायला. ही कसली एकी?

प्राचीन_पाने

मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण त्या काळची साधी जेवणं कशी होती ते बघा म्हणजे शेजारी बसण्याची किंमत कळेल. धाकटा प्लिनी एका पत्रात अशा एका यजमानाकडच्या जेवणाचं वर्णन करतो. एकाच पंगतीत तीन प्रतींची दारू, छोट्या सुरयांत भरलेली. एक यजमानाला आणि खास लोकांना, एक किरकोळ मित्रांना, एक गुलामीतून सुटलेल्यांना. कुणाला निवडीची संधीच नाही. प्लिनीला हे आवडलं नाही, तो म्हणतो मी सगळ्यांना सारखंच वाढतो. कसं परवडतं? तर माझ्याकडे सुटलेले गुलाम माझी दारू पीत नाहीत, मी त्यांची पितो!

गंमत पुढे आहे. हाच प्लिनी साधारण इ.स. ११२ मध्ये बिथुनियाचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या प्रांताचा कारभारी होता. ख्रिस्ती लोकांची चौकशी करून त्याने सम्राट ट्रेजनला अहवाल पाठवला. ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात, चोरी-व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि जेवायला पुन्हा जमतात. जेवण कसलं? तर साधंच, निरुपद्रवी. इतकी चौकशी करून हाती लागलं ते हे. खरं काढून घ्यायला त्याने दोन बायकांचा छळ केला. दोघी गुलाम, आणि मंडळीत त्यांना सेविका म्हणत, म्हणजे पद होतं त्यांना.

गुलाम बाई मंडळीची पदाधिकारी. पहाटे भांडी घासायला जात असेल, मान्य. पण ही गोष्ट त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या पंगतीत दाखवा.

शंकेखोर

दोघींचा छळ एका ओळीत उरकतो हा प्लिनी, नावंसुद्धा देत नाही. आणि तो सभ्य गृहस्थ म्हणून प्रसिद्ध! असो. हा मुद्दा तुमचा.

सुमाआजी

मी इथे सहसा वाचतेच, लिहीत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

जेवणावरून निघालंय म्हणून. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखियाला असताना परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली आणि हा हळूच मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदी, आणि बर्णबासुद्धा. पौल त्याला सगळ्यांदेखत बोलला.

आमच्या आजेसासूबाई सांगायच्या. त्यांचे वडील त्यांच्या गावातले पहिल्या पिढीतले ख्रिस्ती. मंडळीत महार, मांग, एखाददुसरं कुणबी घर, सगळे. रोज एकमेकांकडे उठणं-बसणं, खाणं-पिणं. पण गावाकडचे जुने सोयरे आले की यांच्या घरात त्या दिवशी वेगळा माठ भरायचा. शेजारच्या मांगाच्या घरची बाई, रोज चुलीपर्यंत येणारी, तिला त्या दिवशी उंबऱ्याबाहेरून हाक. पाहुणे गेले की परत आत. एकदा ती बाई पाहुण्यांदेखतच म्हणाली, "काल मी शुद्ध होते, आज कशानं बाटले गं?" आजेसासूबाई तेव्हा लहान होत्या, पण आईचा चेहरा त्यांना मरेपर्यंत आठवत होता.

पेत्राचं तेच झालं होतं बाळांनो. मनात खोट नव्हती. लोक काय म्हणतील, एवढंच.

लक्ष्मीबाई टिळकांनीही स्वतःचं सोवळं सुटायला किती दिवस लागले ते काही न लपवता लिहून ठेवलंय.

मी_नगरची

सुमाआजी, लिहीत जा हो. "काल मी शुद्ध होते" वाचून थांबले होते थोडा वेळ.

रोहिणी_क

सगळे एकीवर बोलताय, मी नम्रतेवर थोडं लिहिते (ग्रीक शिकतेय, अजून पहिल्या पायरीवर, चुका दाखवा).

"नम्रता" आपल्याला जन्मापासून चांगला शब्द वाटतो. "लहानपण देगा देवा" शाळेत शिकलेलो. पण ग्रीकमध्ये ज्या शब्दापासून तो बनलाय त्याचा अर्थ खालचा, हलका, हुजरेगिरी करणारा. फिलिप्पैकरांना पौल लिहितो की लीनतेने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानाला ते "हलक्या माणसासारखं वागा" असं लागत असणार. फिलिप्पै म्हणजे रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली, मानापानावर जगणारी. तिथे सांगतोय की ख्रिस्ताने दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभापर्यंत गेला. वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा, चारचौघांत नाव काढू नये अशी.

आणि हे सगळं उदात्त गीत झाल्यावर चौथ्या अध्यायात कळतं की पत्र कशासाठी आहे. युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं पटत नाहीये! दोघींना नावाने विनवतो, एकमत व्हा. पत्र सगळ्या मंडळीपुढे मोठ्याने वाचलं जायचं. कल्पना करा दोघी कुठे बघत असतील.

टवाळ

महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि सेक्रेटरी. हजार टक्के.

रोहिणी_क

@टवाळ, पौल त्या दोघींना सुवार्तेसाठी आपल्याबरोबर झुंजलेल्या म्हणतो. करिंथच्या चार तटांत एकही बाईचं नाव नाही, ते पण बघा :) हघ्या (हलके घ्या).

बाणकोटी

"लहानपण देगा देवा" म्हणजे तेच की हो. आमच्या वारीत लहान-थोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. सगळे संत एकच सांगतात.

प्राचीन_पाने

बाणकोटी, जवळचं आहे पण "सगळे एकच" म्हटलं की दोन्हीकडचं बघायचं राहतं. वारीत पाया पडतात, आणि चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. भक्तीत लहान होणं आणि पंगतीत शेजारी बसवणं यांत केवढं अंतर आहे ते तिथेही दिसतं, करिंथलाही. यावर वेगळा धागा काढा, नक्की लिहीन.

वसईचा_वाडवळ

सगळे पौलापाशीच थांबलेत. पुढचं सांगतो, आम्हा कॅथलिकांच्या घरचं.

साधारण इ.स. ९६. पौलाच्या पत्राला चाळीसेक वर्षं झालीत. करिंथच्या मंडळीत परत राडा! काही तरुणांनी जुन्या वडिलांना (म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांना) पदावरून हाकललं. रोमच्या मंडळीकडून लांबलचक पत्र गेलं, पासष्ट अध्यायांचं. परंपरा ते रोमचा बिशप क्लेमेंट याचं मानते, पण पत्रात लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. सुरुवात अशी: रोममध्ये परक्यासारखी मुक्कामाला असलेली मंडळी, करिंथमध्ये परक्यासारखी मुक्कामाला असलेल्या मंडळीला. मला ही सुरुवात फार आवडते. आपण दोघेही इथले भाडेकरू, मग कसली भांडणं.

त्यात दोन जागा विलक्षण आहेत. एक, तो म्हणतो की ज्याच्यामुळे फूट पडतेय त्याने स्वतःहून म्हणावं, मी जातो, तुम्ही म्हणाल तिथे जातो, फक्त कळप शांततेत राहू दे. दुसरी, आमच्यातल्या कित्येकांनी इतरांना सोडवण्यासाठी स्वतःला बंधनात घातलं, आणि कित्येकांनी स्वतःला गुलाम म्हणून विकून आलेल्या पैशांतून दुसऱ्यांना जेवू घातलं. हे तो उपदेश म्हणून सांगत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे अशा थाटात जाता-जाता सांगतो.

शंकेखोर

वाडवळ, पत्र मीही वाचलंय. तुम्हाला नम्रता दिसते, मला शिस्त दिसते. सैन्याची उपमा आहे त्यात: प्रत्येकाने आपापल्या जागी राहून हुकूम पाळावा. थोड्याच वर्षांनी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, दहा सैनिकांच्या पहाऱ्यात रोमला मरायला निघालेला, वाटेतून सात पत्रं लिहितो आणि एकच घोकतो: बिशपाला सोडून काही करू नका. तेव्हापासून एकी म्हणजे आज्ञापालन. "मी जातो" असं म्हणायचं ते तरुणांनी, वडिलांनी नाही!

वसईचा_वाडवळ

इग्नेशियसचीच दुसरी उपमा सोडलीत. वडील लोक बिशपाशी असे जुळलेले असावेत जशा वाद्याच्या खोडाशी तारा. तारा एका आवाजाच्या नसतात, तरी सूर लागतो. आणि तो माणूस रोममध्ये जनावरांपुढे टाकला जाणार होता. स्वतःच्या खुर्चीसाठी लिहीत नव्हता.

पण तरुणांनीच का जावं, हा टोमणा बसला. पॅरिश कौन्सिलवर सहा वर्षं काढलीत. जास्त बोलत नाही.

अटलांटाकर

उशिरा आलो. इथे सकाळ आहे.

माझं आवडतं उदाहरण कुणीच दिलं नाही. इ.स. १५५ च्या आसपास. स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प, ऐंशीच्या पुढचा, जहाजाने रोमला गेला. वाद पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखेचा. आशियातले लोक यहूदी पंचांगाप्रमाणे निसान महिन्याची चौदावी धरत, वार कुठलाही येवो. रोमवाले रविवारच धरत. पॉलिकार्प म्हणाला, मी योहानाबरोबर आणि इतर प्रेषितांबरोबर हाच दिवस पाळत आलो. रोमचा बिशप अनिसेतुस म्हणाला, माझ्या आधीच्या वडिलांची प्रथा मी सोडणार नाही. कुणीही कुणाचं ऐकलं नाही.

मग अनिसेतुसने काय केलं? आदर म्हणून आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्पला चालवू दिला. आपल्याच वेदीवर, आपल्या लोकांदेखत, ज्याचं म्हणणं पटलं नाही त्या पाहुण्याला. आणि दोघे शांततेने वेगळे झाले.

हे आपल्याला का माहीत आहे? कारण १९० च्या सुमारास रोमच्या बिशप व्हिक्टरने आशियातल्या मंडळ्यांना याच तारखेवरून बाहेर काढायला घेतलं, तेव्हा लियॉंच्या बिशप इरेनेयसने त्याला ही गोष्ट लिहून झापलं. इतिहासकार युसेबियसने ते पत्र जपलं. इरेनेयसचा मुद्दा साधारण असा, की उपासाच्या रीती वेगळ्या आहेत यातच श्रद्धा एक असल्याचा पुरावा आहे.

शंकेखोरांना एक द्यायचं राहिलं. इरेनेयस स्वतः रविवारवाला होता.

शंकेखोर

हे उदाहरण घेतो. मुकाट्याने.
(पण शेवटी इ.स. ३२५ ला निकेयाच्या परिषदेत सम्राटाने बसवून एकच तारीख ठरवली ना? झालंच मग. आणि तरी पूर्वेचा आणि पश्चिमेचा ईस्टर आजही बहुतेक वर्षी वेगळा. २०२५ ला एकत्र आला, २० एप्रिलला, तर बातमी झाली.)

टवाळ

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता-जाता), "दिदाखे" नावाचं जुनं ख्रिस्ती पुस्तक कुणी वाचलंय का? माझ्या एका ख्रिस्ती मित्राने फोनवर पाठवलं. त्यात फिरत्या प्रेषित-संदेष्ट्यांसाठी नियम आहेत: एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर खोटा संदेष्टा. जाताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा संदेष्टा.

आमच्या घरात फ्रेम करून लावणार आहे. मेहुणा येतोय.

रोहिणी_क

त्याच पुस्तकात भाकरीवरची प्रार्थना आहे ना? डोंगरांवर विखुरलेले दाणे गोळा होऊन जशी एक भाकर झाली तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून गोळा होवो. आणि थोडं पुढे, ज्याचं सोबत्याशी भांडण असेल त्याने मिटेपर्यंत या भोजनाला येऊ नये. म्हणजे मेहुण्याशी भांडलात तर तुम्हीच उपाशी.

पाथर्डीकर

अवांतर: दाणे गोळा होण्यावरून आठवलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बोलणी सुरू झाली होती १९२९ ला. एक्केचाळीस वर्षं! बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला की मोठेपणी, यावर एकमत झालंच नाही. दोन्ही पद्धती चालतील असं ठरवून एक झाले. आणि एक मोठी मेथडिस्ट शाखा ऐन वेळी बाहेर राहिली.

अटलांटाकरांचा अनिसेतुस वाचताना हेच आठवत होतं. पटलं नाही तरी चालेल, उठून जाऊ नका.

प्राचीन_पाने

एक्केचाळीस वर्षं म्हणजे पौलाच्या पत्रापासून क्लेमेंटच्या पत्रापर्यंतचा काळ, जवळपास.

ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, धागा फार लांब फिरून आला. पौलाची वर्गणी सगळे विसरतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी तो परराष्ट्रीय मंडळ्यांकडून पैसे गोळा करत होता. करिंथकरांना सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने-त्याने आपल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, मी आल्यावर धावपळ नको. अगदी भिशीचा हिशोब. मासेदोनियाचे लोक स्वतः कंगाल, तरी ऐपतीबाहेर दिलं. आणि घेणारे कोण? यरुशलेमची मंडळी, जिथे या देणाऱ्यांना सुंतेशिवाय नीट ख्रिस्ती न मानणारेही होते! तिकडचे लोक हे पैसे स्वीकारतील का, याची पौलाला धास्ती होती, रोमकरांच्या पत्रात तसं लिहिलंय. तरी गेला, आणि तिथेच पकडला गेला.

भांडणं नव्हती म्हणून एकी होती असं कुठल्याच कागदात नाही. भांडत होते आणि पैसे पाठवत होते, भांडत होते आणि भाकर मोडत होते.

शंकेखोर

पहिल्या प्रतिसादात मी "रंगवलेलं" म्हटलं होतं. दुसरा अध्याय अजूनही रंगवलेलाच वाटतो. करिंथ मात्र खरं वाटायला लागलंय, आणि ते जास्त आवडलं.

मी_नगरची (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवार झाला, वृत्तान्त देते.

दुसरा अध्याय वाचलाच नाही. थेट करिंथची पंगत सांगितली, नऊ माणसं आणि चौक. मग पाथर्डीकरांना विचारून त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न घेता. गोष्ट संपल्यावर खोलीत अशी शांतता, की मला वाटलं काहीतरी चुकलं. मग मागून एक काका म्हणाले, "आपल्याकडे तरी कुठं थांबतात?" आणि सुरू झालं. गेल्या वर्षीच्या पंगतीत कुणाला काय मिळालं, कुणी डबे भरून नेले, सगळं निघालं. पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. अर्धा तास!

शेवटी ठरलं की यंदा शेवटच्या पाळीची माणसं येईपर्यंत पातेल्याचं झाकण काढायचं नाही. झाकणापाशी कोण बसणार यावर मात्र दोन तट पडलेत, ते अजून मिटलेले नाहीत. पुढचा बुधवार त्यालाच दिलाय.

पाथर्डीकर

आजीचा डाव आहे अजून आमच्याकडे. पितळी. लागला तर सांगा, एसटीने पाठवतो.